नंबर, नाव, वारस

स्मरणिका समितीने ‘संस्थेचा इतिहास’ हे प्रकरण माझ्या गळ्यात घातलं, तेव्हा मी विचारलं, कोणत्या संस्थेचा? आम्ही तालुक्यातले माजी सैनिक महिन्यातून एकदा जमतो, चहा घेतो, एकमेकांचे कागद तपासतो आणि उठतो. याचा इतिहास लिहायचा तर चहाच्या उधारीची वहीच छापावी लागेल. इमारत निधी नाही, अध्यक्षांच्या तसबिरी नाहीत. पण नांदगाव तालुक्यातल्या फौजीच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ज्या संस्थेचं नाव निघत आलं, ती एक आहे. पाटीवर आता ‘जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय’ लिहिलेलं असतं. तोंडात अजून ‘सैनिक बोर्ड’च आहे. ‘बोर्डात जाऊन आलो’ म्हटलं की न्यायडोंगरीपासून बोलठाणपर्यंत कुठल्याही फौजीच्या घरी वेगळं सांगावं लागत नाही. तेव्हा इतिहास लिहायचा तो बोर्डाचा, असं मी ठरवून टाकलं. समितीने मान डोलावली. कदाचित दुसरं कोणी लिहायला तयार नसावं.

बोर्ड नाशिकला, आणि नांदगावहून नाशिक शंभरएक किलोमीटर. आमच्या पिढीने हे अंतर देवळाली-भुसावळ पॅसेंजरने कापलं. प्लास्टिकच्या पिशवीत डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, रेशनकार्ड, दोन फोटो, आणि वरून भाकरीचं फडकं. मनमाडला डबा भरायचा, निफाडला द्राक्षवाले चढायचे, आणि शेजारचा हमखास विचारायचा, ‘मेजर, कँटीनला का?’ पेन्शन आलेला प्रत्येक जण आपल्याकडे मेजरच असतो, मग तो शिपाई म्हणून सुटलेला का असेना. मी पलटणीत क्लार्क होतो, तरी मलाही हा हुद्दा मिळाला. तक्रार केली नाही.

बोर्डाचा जन्म मात्र फौजीच्या कल्याणासाठी झाला नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडू लागली म्हणून सरकारने १९१७ मध्ये केंद्रीय भरती मंडळ काढलं. गावोगाव पाटील-तलाठ्यांमार्फत जवान गोळा करायचे, हे काम. युद्ध संपलं, लाखो माणसं घरी निघाली, आणि त्याच भरतीच्या यंत्रणेतून १९१९ मध्ये ‘इंडियन सोल्जर्स बोर्ड’ उभं राहिलं. ज्यांनी माणसं नेली त्यांच्याच कपाटात माणसांच्या याद्या होत्या, त्यामुळे परत आलेल्यांची आणि न आलेल्यांची विचारपूसही त्यांच्याकडेच गेली. पुढे १९४४ मध्ये नावात खलाशी आणि हवाई सैनिक आले, १९५१ मध्ये नावातलं ‘इंडियन’ गळालं आणि १९७५ मध्ये ते केंद्रीय सैनिक बोर्ड झालं. त्याखाली राज्याचं, राज्याखाली जिल्ह्याचं. जिल्हाधिकारी त्याचे पदसिद्ध अध्यक्ष आणि सैनिक कल्याण अधिकारी सचिव. एवढी वंशावळ पुरे. स्मरणिकेत ती असावी लागते.

खरी गोष्ट यादीची आहे.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून जास्त माणसं समुद्रापार गेली आणि चौऱ्याहत्तर हजारांच्या आसपास मेली. मराठ्यांच्या पलटणींचा मोठा वाटा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये पडला. कूत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३ आणि ११० नंबरच्या मराठा पलटणी अडकल्या होत्या. वेढा ७ डिसेंबर १९१५ ला पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीने संपला. आत घोडे आणि खेचरं कापून खायची वेळ आली. जे पकडले गेले त्यांना वाळवंटातून चालवत नेलं, त्यात किती तरी वाटेतच राहिले. आपल्याकडच्या शाळेत पानिपत तोंडपाठ असतं. कूतचं नाव मला फौजेत गेल्यावर कळलं.

या मेलेल्यांचं स्मारक इंग्रजांनी बसऱ्याला बांधलं. १९२९ मध्ये त्याचं अनावरण झालं. ज्यांची कबर वा चितेची जागा ठाऊक नाही अशा चाळीस हजारांवर माणसांसाठी ते आहे. त्यात गोऱ्या शिपायांची नावं आहेत, गोऱ्या अधिकाऱ्यांची आहेत, आपल्या सुभेदार-जमादारांचीही आहेत. आपले शिपाई, नाईक, हवालदार मात्र पलटणीच्या नावाखाली नुसत्या आकड्याने कोरलेले: आणि इतर इतके हिंदी सैनिक. असे तेहतीस हजारांवर लोक त्या भिंतीवर आकडा म्हणून उभे आहेत. २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने स्वतःच चौकशी अहवाल काढून या भेदभावाची माफी मागितली. शंभर वर्षांनी आलेली माफी घ्यायला कोण उरलं होतं?

याच काळात गावांमध्ये संगमरवरी पाट्या बसल्या. पश्चिम महाराष्ट्रात त्या अजून चावडीच्या, देवळाच्या भिंतीत दिसतात. या गावातून महायुद्धाला इतके लोक गेले, त्यांपैकी इतके कामी आले, असा दोन आकड्यांचा मजकूर. साताऱ्याच्या अपशिंग्याचे तर ४६ जण त्या युद्धात गेले आणि परत आले नाहीत. ते गाव पुढे ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखलं जाऊ लागलं. नावं त्या पाट्यांवरही नसतात. गावाला आपली माणसं माहीतच आहेत, असा हिशेब असावा. गाव मात्र दोन पिढ्यांत विसरतं.

आपल्या नांदगावने फौजी बूट पाहिले ते या महायुद्धाच्याही आधी. मनमाडहून निजामाची रेल्वे सुरू व्हायच्या आधी वेरूळ-औरंगाबादला जाणारा माणूस नांदगाव स्टेशनात उतरून टांग्याने पुढे जायचा. औरंगाबादच्या छावणीची वाटही इथूनच. आणि उलट्या दिशेला देवळाली. तिथे १८६१ पासून इंग्रजांचा छावणीतळ होता. मुदत संपलेले गोरे शिपाई तिथे विलायतेच्या बोटीची वाट पाहत महिनोन्‌महिने बसायचे, उन्हाने, तापाने आणि रिकामपणाने त्यांची डोकी फिरायची, आणि इंग्रजीत वेडसर माणसाला ‘डूलॅली’ म्हणतात तो शब्द आपल्या देवळालीचाच. नाशिक जिल्ह्याने इंग्रजी भाषेला दिलेली ही भेट. गंमत म्हणून सांगितली जाते, पण लढाई संपल्यावर माणूस घरी पोहोचेपर्यंत मधे एक लांब वेटिंग रूम असते, हे त्या शब्दात आहे. त्या वेटिंग रूममध्ये बसलेले आपल्या तालुक्यातही मी पाहिले आहेत. पेन्शन येऊन वीस वर्षं झालेला एक गडी रात्री दोनला उठून घराभोवती पहाऱ्याची चक्कर मारायचा. बायको सांगायची, ‘भाऊ, काही करू नका, चक्कर झाली का झोपतात.’ कोणत्याही फॉर्मवर याचा रकाना नाही.

दुसऱ्या महायुद्धात पंचवीस लाखांची फौज झाली आणि ८७ हजार मेले. इटलीच्या लढाईत मराठा लाइट इन्फंट्रीच्या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला: माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, १० जुलै १९४४, मरणोत्तर, आणि ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर लढलेले नामदेव जाधव, संगमनेर तालुक्यातल्या निमजचे. ही दोन नावं पुस्तकात आहेत. पण त्या युद्धासाठी भरती केलेली बहुतेक माणसं लढाई संपताच फौजेतून कमी होऊन घरी आली ती पेन्शनशिवाय, कारण पेन्शनला लागणारी नोकरीची वर्षंच भरली नव्हती. इटलीत तोफा ओढलेला माणूस गावी येऊन सालदारकी करू लागला. आयुष्याच्या शेवटी त्यांच्यापैकी जे हयात होते त्यांना राज्य सरकारने महिन्याचं मानधन सुरू केलं आणि ते बोर्डातून मिळू लागलं. तोवर यादी पुष्कळ आखूड झाली होती.

ही सगळी युद्धं पुण्याच्या आसपास आपल्या खुणा ठेवून गेली आहेत. अपंग जवानांना कामधंदा शिकवायला १९१७ मध्ये मुंबईत निघालेली आणि नंतर खडकीला गेलेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट. हातपाय गेलेल्यांसाठी १९४४ मध्ये पुण्यात सुरू झालेलं कृत्रिम अवयव केंद्र. १९७१ नंतर, १९७४ मध्ये, कंबरेखाली लुळे झालेल्या जवानांसाठी खडकीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर. एकेका लढाईमागे एकेक इमारत. मुरलीकांत पेटकरांचं नाव अलीकडे सिनेमामुळे घरोघर गेलं. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे, १९६५ च्या युद्धात पाठीच्या कण्याला गोळी लागली, आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्याचं सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८ ला. मधली शेहेचाळीस वर्षं मोजून पाहावीत.

स्वातंत्र्यानंतर बोर्डाच्या कामात पहिली मोठी भर पडली ती ध्वजदिनाची. १९४९ पासून ७ डिसेंबर. कूतचा वेढा पडला ती तारीखही हीच. हा निव्वळ योगायोग, पण मला तो दर वर्षी आठवतो. तालुक्याला निधीचं उद्दिष्ट येतं, तहसीलमधून शाळा-कार्यालयांना वाटून दिलं जातं. लहानपणी आमच्या मास्तरांनी खिशाला टाचणीने लावलेला तो कागदी झेंडा याच दिवसाचा. टाचणी हमखास बनियनपर्यंत जायची. पैसा कशाला जातो हे कोणी सांगितलं नव्हतं. फौजीच्या मुलांची वसतिगृहं, विधवांच्या मुलींची लग्नं, शिक्षणाची मदत यांना तो जातो, हे मला बोर्डाच्या काउंटरसमोर उभं राहिल्यावर समजलं.

१९६२ नंतर फौज वाढली आणि आपल्या भागातली भरतीही. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, आणि १९६३ च्या पोटनिवडणुकीत नाशिकने त्यांना बिनविरोध लोकसभेत पाठवलं. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला हे सगळ्यांनी ऐकलेलं आहे, पण सह्याद्रीला दिल्लीची जागा नाशिकने दिली, हे आपण नाशिककरांनी थोडं मिरवायला हरकत नाही. नांदगावची पोरं मात्र भाषणं ऐकून गेली नाहीत. पाऊस कमी, विहिरींना तळ, एका बाजूला गिरणा धरण आणि घशाला कोरड. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या घरांतून एकेक पोरगा भरतीला गेला, आणि त्याच्या मनीऑर्डरीवर बहिणींची लग्नं झाली. देशसेवा होतीच. पण आईने पोराला निरोप दिला तो ‘जेवण तरी पोटभर मिळंल’ म्हणून. हे लिहिण्यात कमीपणा वाटायचं कारण नाही.

आता किमतीचं बोलतो. युद्धाची बेरीज वर्तमानपत्रात येते. १९७१ मध्ये ‘खुकरी’ जहाज बुडालं, १८ अधिकारी आणि १७६ खलाशी. कारगिलमध्ये ५२७. गावात हा आकडा नेहमी एक असतो. जुन्या युद्धांत जवानाचा अंत्यविधी तिकडेच व्हायचा. गावात यायची ती तार, आणि काही आठवड्यांनी काळी ट्रंक: पांढऱ्या रंगात वर नंबर आणि नाव लिहिलेली, आत कपडे, दाढीचं सामान, घरची पत्रं. अशा एका घरात ती ट्रंक पुढे पन्नास वर्षं धान्य ठेवायला वापरलेली मी पाहिली आहे. वरचं नाव घासून गेलं होतं, नंबर दिसत होता. कारगिलपासून, १९९९ पासून, पार्थिव गावापर्यंत आणायची पद्धत पक्की झाली. तिरंगा, बंदुकीच्या फैरी, पंचक्रोशी लोटलेली. ते व्हायलाच हवं. घरच्यांना निदान चेहरा दिसतो.

तेराव्यानंतर मांडव उतरतो आणि कागद सुरू होतात. बोर्डाचं काम इथून.

फौजेच्या कागदावर तीन गोष्टींना मोल आहे: नंबर, नाव, वारस. नंबर चुकत नाही. फौजीला तो झोपेतून उठवून विचारा, बायकोचं नाव आठवायच्या आधी सांगेल. घोळ उरलेल्या दोघांत. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची चाल. माहेरची द्वारका सासरी लक्ष्मी होते. नवऱ्याने सुट्टीवरून परत जाऊन युनिटमध्ये नोंद करताना जे तोंडात होतं ते सांगितलं, लिहिणाऱ्याने आपल्या मुलखातल्या उच्चाराप्रमाणे ते लिहिलं, रेशनकार्डावर तिसरंच, आणि आधारवर चौथं. नवरा जिवंत असेपर्यंत या चार बायका एकाच घरात सुखाने नांदतात. तो गेला की सिद्ध करावं लागतं की त्या चौघी म्हणजे ही एकच बाई.

जन्मतारखेचं तर विचारूच नका. शाळेत गेलेले आपले सगळे म्हातारे १ जूनला जन्मलेले, ही मास्तरांची कृपा. म्हाताऱ्या शाळेतच गेल्या नाहीत. पीपीओवर त्यांच्या जन्मतारखेची जागा कोरी. आता सहाव्या वेतन आयोगापासून असा नियम आहे की ऐंशी पूर्ण झाली की कुटुंब निवृत्तिवेतनात वीस टक्के वाढ, पंच्याऐंशीला तीस, नव्वदीला चाळीस आणि शंभरीला दुप्पट. पण ऐंशी पूर्ण झाली हे सांगणार कोण? आमच्याकडे एक आजी आली. जन्म कधीचा विचारलं तर म्हणाली, ‘मोठा भाऊ बर्म्याच्या लढाईला गेला तव्हा मी पाळण्यात व्हते.’ हिशेबाने आजी ऐंशीची कधीच झालेली. पण बर्म्याची लढाई हा पुरावा धरत नाहीत. तहसीलमध्ये प्रतिज्ञापत्र, वैद्यकीय दाखला, बोर्डाचं पत्र, रेकॉर्ड ऑफिसची दुरुस्ती, मग अलाहाबाद. शहराचं नाव प्रयागराज झालं तरी पेन्शनचं ऑफिस आमच्या तोंडी अलाहाबादच. पावणेदोन वर्षं लागली. कोणाचं चुकलं, कुठे अडलं, ते इथे लिहीत नाही. कागदाला पाय नसतात, एवढंच. वाढीव रक्कम जमा झाली त्या दिवशी आजीने बँकेच्या दारात मला पेढा दिला आणि विचारलं, ‘भाऊचंबी काही निघंल का हो?’ भाऊ बर्म्यातून आलाच नव्हता. त्याचा नंबर घरात कोणाला माहीत नव्हता.

एक नियम सांगतो, तो वाचून तरुण मंडळींना खोटा वाटेल. शौर्यपदक मिळालेल्या जवानाच्या पत्नीला पदकाचा मासिक भत्ता मिळतो. तिने पुन्हा लग्न केलं तर तो चालू राहायचा एकाच अटीवर: लग्न मेलेल्या नवऱ्याच्या भावाशीच केलं पाहिजे. ही अट २०१७ च्या नोव्हेंबरात काढून टाकली. म्हणजे कारगिलनंतरही अठरा वर्षं विशी-बाविशीतल्या वीरपत्नीसमोर सरकारी कागद उभा होता आणि तो तिला दिराकडे बोट दाखवत होता. आपण चौकात तिच्या नवऱ्याच्या फोटोला हार घालत होतो, तेव्हा हा कागद तिच्या पदराला बांधलेला होता. मला बोर्डाच्या इतिहासात पदकांपेक्षा ही तारीख महत्त्वाची वाटते.

बोर्डाचे कल्याण संघटक तालुक्याला येतात. बहुधा निवृत्त जेसीओच, म्हणजे सुभेदार-नायब सुभेदार, असतात, म्हणून बोलणं पलटणीच्या भाषेत होतं आणि अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. ठरलेल्या दिवशी लोक सकाळपासून पिशव्या घेऊन झाडाखाली बसतात. साकोऱ्याची माणसं चालत-सायकलवर, जातेगावची जीपने. ‘समान पद, समान निवृत्तिवेतन’ आलं, आंदोलनं होऊन २०१५ मध्ये आदेश निघाला, तेव्हा सहा महिने त्या झाडाखाली दुसरा विषय नव्हता. २०२० मध्ये राज्याने माजी सैनिकांची घरपट्टी माफ केली, तेव्हा कुठल्या ग्रामपंचायतीने माफी लागू केली आणि कुठल्या ग्रामपंचायतीने नाही, याची यादी तिथेच झाली.

नोव्हेंबर आला की हयातीचा दाखला. पूर्वी बँकेत जाऊन ‘मी जिवंत आहे’ अशी सही करायची. आता यंत्रावर बोट. नांदगावच्या बायका आयुष्यभर कांदा कापणी, निंदणी, खुरपणी करतात. बोटांच्या रेषा झिजून सपाट झालेल्या. यंत्र म्हणतं, जुळत नाही. मग ओला रुमाल, मग व्हॅसलीन, मग दुसरं बोट. दहाव्या बोटाला हिरवा दिवा लागला की झाडाखाली हशा पिकतो: ‘आजी, आहेस गं अजून!’

फेब्रुवारी २०१९ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय युद्धस्मारक झालं. स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या सुमारे सव्वीस हजार जणांची नावं तिथे ग्रॅनाइटवर आहेत, प्रत्येकाची स्वतंत्र, शिपाई असो की अधिकारी. बसऱ्याच्या भिंतीनंतर नव्वद वर्षांनी. आमच्यातला एक जण नातवाला घेऊन गेला, आपल्या युनिटमधल्या जोडीदाराचं नाव शोधलं आणि त्यावर हात ठेवून फोटो काढला. फोटोत नाव झाकलं गेलं. नातू म्हणाला, आजोबा, हात काढा. त्यांनी काढला नाही.

पुढचं बोर्ड कसं असेल ते मला सांगता येत नाही. पहाटे मालेगाव रोडला पळणारी पोरं आता अग्निवीर होतात. मूळ योजनेत चार वर्षं, त्यातले पंचवीस टक्के पुढे कायम. बाकीच्यांना माजी सैनिक हा दर्जा नाही, म्हणजे बोर्डाच्या रजिस्टरात त्यांचं पान नाही. तेविशीत परत आलेला तो पोरगा झाडाखाली येईल तेव्हा त्याला बसायला जागा द्यायची, एवढं आम्ही आपसात ठरवलं आहे. त्याला कागद लागत नाही.

पुढच्या पानापासून तालुक्यातल्या फौजींची यादी आहे, गावाप्रमाणे. नंबर, हुद्दा, नाव, वारस. हयात नसलेल्यांच्या नावापुढे चांदणी केली आहे. टाइप करणाऱ्याने आणि मी तीनदा वाचली आहे, तरी चुका असणार. घरातल्या म्हातारीला नाव वाचून दाखवा, तिचं माहेरचं नाव विचारा, आणि चूक असेल तिथे पेन्सिलने दुरुस्ती करून हे पान माझ्याकडे आणून द्या. स्मरणिका फाटली तरी चालेल.